चार टाक्या, एक बॅटरी

१५ फेब्रुवारी २०२१, पहाटे दीडचा सुमार. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात विजेच्या जाळ्याची वारंवारिता घसरू लागली. ६० हर्ट्झवर ठाम असायला हवी ती ५९.४च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त वेळ तिथेच रेंगाळली. नऊ मिनिटं रेंगाळली असती, तर वीजकेंद्रांनी स्वतःला वाचवायला आपणहून अंग काढून घेतलं असतं आणि अख्खं जाळं कोसळलं असतं. ४ मिनिटं ३७ सेकंदांनी वाचलो, असा हिशेब नंतर निघाला. वाचायचा उपाय मात्र आपल्या ओळखीचा होता : लोडशेडिंग. बघता बघता ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली, आणि कित्येक ठिकाणी तो अंधार दोन तासांचा नव्हता, दोन-तीन दिवसांचा होता. डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांवर उतरला.

टेक्सासची घरं बांधलेली असतात ती उन्हाळा बाहेर ठेवायला. निम्म्याहून जास्त घरांत ऊबसुद्धा विजेचीच, आणि पाण्याचे पाइप बऱ्याचदा माळ्यावरून नेलेले. वीज गेली, ऊब गेली, पाइप गोठले आणि फुटले; छतातून पाणी गळायला लागलं तेव्हा नळ कोरडे होते. सव्वा कोटीच्या आसपास लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली, पण उकळायला वीज कुठे होती? सरकारी मोजणीप्रमाणे त्या वादळात २४६ माणसं गेली. त्यातली १६१ नुसत्या थंडीने.

अशा वेळी काही घरांच्या दारात एक दुसरं घर उभं होतं. चाकांवरचं. अमेरिकेत त्याला आरव्ही म्हणतात. बसएवढी मोटरहोम, व्हॅनच्या पोटात मांडलेला संसार, पिकअपमागे ओढत न्यायचा ट्रेलर, सगळ्यांना हेच नाव. २०२१ साली एक कोटीहून अधिक अमेरिकी कुटुंबांकडे अशी गाडी होती, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाच्या पंचक्रोशीत तयार होतात. वर्षाकाठी तीन-चार आठवडे ती भटकते, उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली काढते. त्यामुळे ती घेताना नवरा-बायकोत जी बोलाचाली होते, तिच्यात एक मुद्दा हमखास येतो : 'अडीअडचणीला निवारा होईल की!' हा मुद्दा कितपत खरा, ते पाहू.

आपलं नेहमीचं घर दिसतं स्वयंपूर्ण, पण त्याची सगळी टोकं बाहेर असतात. नळाचं टोक धरणात, दिव्याचं टोक वीजकेंद्रात, संडासाचं टोक गावाबाहेर. आरव्ही बांधणारा ही सगळी टोकं तोडून गाडीच्या पोटात आणून बांधतो. एक टाकी वापरायच्या पाण्याची. दुसरी मोरीच्या पाण्याची. तिसरी संडासाची. चौथी प्रोपेन गॅसची. आणि विजेसाठी एक बॅटरी, बारा व्होल्टची. ट्रेलरच्या भिंतीवर, दाराशेजारी, हाताच्या पंजाएवढी एक पट्टी असते. बटण दाबलं की प्रत्येक टाकीपुढे छोटे दिवे लागतात : रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. गृहिणीला डब्यात किती तांदूळ उरलेत ते झाकण न उघडता हातात तोलून कळतं, तशी सोय. फक्त संडासाच्या टाकीचा दिवा बेभरवशाचा. आतल्या तपासणीच्या खिळ्यांवर कागद चिकटून बसतो आणि टाकी उपसून धुतली तरी दिवा 'भरलेली' असंच सांगत राहतो. आरव्हीवाले या खोटेपणाला सरावलेले असतात.

आता हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची. चौघांच्या पिण्याला, स्वयंपाकाला आणि हातपाय धुवायला माणशी रोज चार लिटर धरले, तर नऊ दिवस. पण त्यातल्या एकाने घरच्यासारखा आठ मिनिटं शॉवर घेतला की साठ लिटर संपले, आणि संपून ते कुठे गेले? मोरीच्या टाकीत. नवख्यांना हेच उमजत नाही. पाणी पुरतं की नाही याची काळजी सगळे करतात, पण बऱ्याचदा आधी भरते ती सांडपाण्याची टाकी, आणि ती उपसायला ठरावीक जागी जावं लागतं. रस्त्यावर बर्फ असेल तर कसं जाणार? ज्यांनी चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर लहानपण काढलंय, त्यांना हे शास्त्र शिकवावं लागणार नाही. भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून संडासात ओतायचं, ताट कागदाने पुसून मग धुवायचं. अमेरिकन माणूस ते पुस्तकातून शिकतो.

प्रोपेनचं गणित थंडीत कामाला येतं. आपल्या घरगुती सिलिंडरात ब्यूटेनचा वाटा मोठा असतो. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं नाकारतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भरलेला असून शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. ट्रेलरच्या जूवर बसवलेल्या छोट्या सिलिंडरात साधारण ९ किलो प्रोपेन. गाडी गरम ठेवणारी भट्टी, जिला तिकडे फर्नेस म्हणतात, अखंड चालली तर तो चौदा तासांत संपतो. ती थांबत-थांबत, निम्मा वेळ चालली तर एक दिवस आणि वर चार तास. असे दोन सिलिंडर असतात. म्हणजे दोन रात्री निभतात, तिसऱ्या रात्री पंचाईत.

पण गंमत अशी की दुसऱ्या रात्रीच बहुतेकांची पंचाईत होते, आणि तीही गॅस शिल्लक असताना. फर्नेस पेटतो कसा ते पाहा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट इशारा देतो. आधी पंखा सुरू होतो, बॅटरीवर. पंख्याच्या वाऱ्यात पत्र्याची एक पातळ जीभ टांगलेली असते; वारा पुरेसा असला की ती वर उचलली जाते आणि एक बारीक खटका मिटतो. तो मिटला तरच गॅसची झडप उघडते, ठिणगी पडते, ज्योत येते. हवा न खेळता ज्योत पेटू नये म्हणून केलेली ही राखण. आता बॅटरी उतरत चाललीय. पहाटे चारला पंखा फिरतो, पण रेंगाळत. जीभ थरथरते, उचलली जात नाही. खटका मिटत नाही. आतल्या माणसाला पंख्याचा आवाज येतो, गार हवा येते, आणि तो बिचारा बाहेर जाऊन काकडत सिलिंडर हलवून बघतो. सिलिंडर जड लागतो! दोष गॅसचा नाही, बॅटरीचा आहे, हे कळेस्तोवर उजाडतं.

शंभर अँपियर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर तिच्यातले पन्नासच वापरायचे; त्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. फर्नेसचा पंखा चालू असताना सात अँपियरच्या आसपास ओढतो. निम्मा वेळ चालला तर तासाला साडेतीन, म्हणजे चौदा तास. दिवे, फोन, गॅसगळतीचा भोंगा यांचं वेगळं. एक हिवाळी रात्र, बस्स. आणि उतरलेली बॅटरी थंडीत गोठूही शकते, भरलेली गोठत नाही. आपल्याकडे इन्व्हर्टर असलेल्या घरात वीज गेली की कोणीतरी ओरडतं, 'अरे, एकच पंखा!' आरव्हीत हे ओरडणं चोवीस तास चालू ठेवावं लागतं.

फ्रिजबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला स्वतःला या गाडीतली ती सगळ्यात विलक्षण वस्तू वाटते. जुन्या धाटणीच्या आरव्हीतला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. ज्योत पेटवून बर्फ! स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती पुढे आणली. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, पुढे थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात विरघळतो. त्यात ना पंप, ना घरघर. घरातला फ्रिज वितळत असताना आईच्या इन्शुलिनच्या कुप्या आणि बाळाचं दूध इथे आणून ठेवता येतं, आणि वीज लागते ती फक्त त्याच्या छोट्या नियंत्रकापुरती. पण यातला द्रव नुसत्या उतारावर वाहतो, म्हणून गाडी समतल हवी. अमेरिकी घराच्या दारापुढचा रस्ता मात्र पाणी वाहून जावं म्हणून उतरता केलेला असतो. तिथे गाडी तिरकी उभी करून फ्रिज दिवसेंदिवस चालवला, की आतल्या नळ्या कायमच्या चोंदतात. चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या की भागतं, पण त्या आधी कापून ठेवलेल्या हव्यात. नव्या गाड्यांत बॅटरीवरचे फ्रिज येताहेत. त्यांना उताराचं भय नाही, पण ती एकुलती बॅटरी त्यांनाही पोसावी लागते.

टेक्सासच्या त्या २४६ जणांत १९ जण कार्बन मोनॉक्साइडने गेले. हा वायू दिसत नाही, वास नाही, झोपेतच नेतो. आरव्हीत त्याचा भोंगा बसवलेला असतो. प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून त्याचा भोंगा जमिनीलगत. हे दोन भोंगे चालू आहेत ना, हे महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं. शेगडी ऊब घ्यायला पेटवायची नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, काचा-भिंती ओलावतात, गाद्या दमट होतात, आणि बंद खिडक्यांत ज्योत अर्धवट जळायला लागली की तोच विषारी वायू. गाडी किंवा जनरेटर गॅरेजमध्ये सुरू करायचा नाही, शटर उघडं ठेवूनसुद्धा नाही. जनरेटर घराच्या वायरिंगला परस्पर जोडायचा तर अजिबातच नाही. ती वीज उलटी लाइनवर चढते, रोहित्रातून जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला ती लाइन मेलेली आहे असं वाटत असतं.

शिवाय दारात गाडी असली म्हणजे ती तयार असते असं नाही. हिवाळ्यापूर्वी शहाणा मालक पाइप फुटू नयेत म्हणून टाकी रिकामी करतो आणि नळ्यांत गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव्य भरतो. म्हणजे वादळ आलं तेव्हा नळात पाणी नाही, गुलाबी सरबत आहे. अनेक वसाहतींच्या नियमांत दारापुढे आरव्ही उभी करायलाच बंदी असते, आणि मग ती वीस-तीस किलोमीटरवरच्या भाड्याच्या आवारात असते. उभ्या-उभ्या तिच्यात उंदीर वायरी कुरतडतात, पेट्रोल शिळं होतं, टायर नक्षी शाबूत असून बाजूने तडकतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०९१५ असेल तर तो २०१५च्या मार्चच्या आसपासचा टायर. त्यावर अख्खं कुटुंब बसवून भर वेगात हायवेवर निघणं म्हणजे विषाची परीक्षा.

आतापर्यंत बोललो ते दोन-चार रात्रींचं. दोन-चार वर्षांचा प्रयोगही अमेरिकेने करून पाहिलाय, आणि तो फार मोठा होता. २९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना चक्रीवादळ आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं, आणि आपत्ती निवारणाची केंद्रीय संस्था फेमा हिने बेघरांसाठी सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि फिरती घरं विकत घेतली. लोकांना ती मोडक्या घरापुढेच, आपल्याच अंगणात उभी करता आली, हा मोठाच दिलासा होता. स्वतःच्या भिंतीचा गिलावा काढत-काढत रात्री शेजारीच झोपायला छप्पर. पण काही महिन्यांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला, नाकातून रक्त. कारण होतं भिंतीत आणि कपाटांत. भुशाच्या दाबलेल्या फळ्या ज्या डिंकाने जोडतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघत राहतो. घाईघाईत बांधलेल्या, घट्ट बंद, इवल्याशा खोलीत, लुइझियानाच्या दमट उकाड्यात तो आणखी निघतो. सरकारी आरोग्य संस्थेने २००७च्या डिसेंबरपासून पुढच्या महिनाभरात अशा ५१९ घरांची हवा तपासली, तेव्हा सरासरी निघाली अब्जात ७७ भाग. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरात ती १० ते २० असते. उन्हाळा लागायच्या आत लोकांना बाहेर काढा, असा सल्ला आला.

यात कारखानदारांना झोडपणं सोपं आहे आणि ते झालंही. २०१०मध्ये फळ्यांतल्या या वायूवर मर्यादा घालणारा कायदा झाला. पण मला दिसते ती चूक जरा वेगळी आहे. ट्रेलर बांधला जातो तो सुट्टीतल्या पंधरा दिवसांसाठी, खिडक्या उघड्या टाकून, दिवसभर बाहेर राहणाऱ्या माणसांसाठी. त्यात शाळकरी मुलं आणि दमेकरी आजी तीन-तीन वर्षं कोंडली गेली. न्यू ऑर्लिन्समधला शेवटचा ट्रेलर हलला तो २०१२च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात परत आलेले ट्रेलर लिलावात विकले गेले, 'राहण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठी खरवडून निघते. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं तेव्हा ते उपसायला आलेले कामगार त्यातल्याच काही ट्रेलरांत मुक्कामाला होते.

कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात तर वेगळीच अडचण झाली. ८ नोव्हेंबर २०१८च्या वणव्यात ८५ माणसं गेली आणि गाव जवळजवळ पुसलं गेलं. वाचलेल्यांना नगरपरिषदेने जळक्या प्लॉटवर आरव्ही लावून राहायची परवानगी दिली. पण जळलेल्या घराच्या राखेत जड धातू असतात, अॅस्बेस्टस असतं. जिथे माणसं राहताहेत तिथली राख धोकादायक म्हणून सरकारी पैशाने कशी उचलायची, असा पेच केंद्राने टाकला आणि २०१९च्या फेब्रुवारीत परवानगी मागे घ्यावी लागली.

भूकंपात मात्र ही गाडी खरंच कामाला येते. डोक्यावर स्लॅब नाही, खाली स्प्रिंगा आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घर उभं असूनही लोक आत झोपायला धजावत नव्हते. ती भीती जगभर सारखीच असते. २०१६च्या एप्रिलमध्ये जपानच्या कुमामोतोत दोन मोठे धक्के बसले, तेव्हा हजारो लोक साध्या मोटारीत झोपले. पाय दुमडून रात्री काढल्याने काहींच्या पायांतल्या शिरांत रक्त गोठलं, गुठळी फुप्फुसात गेली आणि भूकंपातून वाचलेल्यांचा जीव मोटारीत धोक्यात आला. मोटार आणि आरव्ही यांत त्या रात्री फरक एवढाच, की आरव्हीत पाय पसरता येतात.

वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. उंच, चपट्या बाजू, हलका सांगाडा, पत्र्याचं किंवा फायबरचं अंग, आणि जमिनीत पाया नाही. टोर्नेडोचा इशारा आला की अमेरिकी हवामान खातं गाड्या आणि फिरती घरं सोडून पक्क्या इमारतीत जायला सांगतं. ज्याला निवारा म्हणून लाखभर डॉलर मोजले, त्यातून उठून शेजाऱ्याच्या तळघरात पळायचं. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी, कारण ते दोन-चार दिवस आधी कळतं. तेव्हा आरव्हीत बसून राहायचं नसतं, आरव्ही घेऊन निघायचं असतं.

आणि लवकर निघायचं असतं. कॅटरिनानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा रीटा वादळ टेक्सासकडे वळलं. न्यू ऑर्लिन्सची दृश्यं ताजी होती. ह्यूस्टन आणि किनाऱ्यावरून पंचवीस लाखांहून जास्त लोक एकदम बाहेर पडले. शंभर मैलांच्या रांगा लागल्या, पंप कोरडे पडले, बंद मोटारींत माणसं उन्हाने होरपळली. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, त्यात २३ जण गेले. अशा रांगेत लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देणारी मोटरहोम घेऊन अडकलेला माणूस सगळ्यांपेक्षा सुखात असतो, कारण त्याच्याकडे संडास आहे, आणि सगळ्यांपेक्षा काळजीतही असतो, कारण त्याची टाकी डोळ्यांदेखत उतरते.

मोठ्या मोटरहोममध्ये जनरेटर अंगातच बसवलेला असतो आणि तो गाडीच्याच टाकीतून इंधन पितो. पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडलेली नसते. ती साधारण पाव टाकीच्या वरच थांबते. रांग हलत नाही, मुलं एसीसाठी हट्ट धरतात, जनरेटर तासन्‌तास धडधडत राहतो, काटा खाली-खाली येतो, आणि पाव टाकीच्या खुणेवर तो दोन आचके देऊन गप्प होतो. एसी थांबतो, दिवे बॅटरीवर येऊन मिणमिणतात. मग कोणीतरी पुढे जाऊन किल्ली फिरवतं, आणि इंजिन सुरू होतं.